हुद्दा

अण्णा फोनवर विचारतात, म्हणजे नक्की होणार कोण तू?
डॉक्टर असतो, वकील असतो, तलाठी असतो.
पर्यावरण व्यवस्थापनाचा कोण असतो?
मी म्हणते, नंतर सांगते,
आत्ता छातीपर्यंत रबर चढवलंय
आणि शिप्लीच्या पुलाखाली पाणी चार अंश आहे.

तीन मिनिटं टाचेनं तळ ढवळायचा,
जाळी प्रवाहाच्या तोंडाला धरायची,
मग पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं, जे काय अडकलं ते.
डॉ. बर्नली काठावर, गुडघ्याला पट्टा, गालात पेपरमिंट:
मेफ्लायची अळी दिसली तर हाक मारा,
जळवा न् लाल किडे तुमचे तुम्ही मोजा.
मोजले. जळवा अकरा. लाल किडे एकशे बेचाळीस.
हाक मारायची वेळ आली नाही.

हा ओढा ब्रॅडफर्डच्या पोटातून येतो,
दुकानांखालून, रस्त्यांखालून,
गिरण्यांच्या काळात झाकून टाकलेला.
बाई म्हणाल्या, पूर्वी पाण्यावरून कळायचं
आज कुठल्या गिरणीत काय रंगतंय.
वर्ग हसला.
इचलकरंजीत आमच्या नाल्यालाही वार होते:
सोमवारी निळा, गुरुवारी किरमिजी,
सुट्टीला नुसताच नाला.
वार चुकला तर अण्णांची नखं बघायची.
बावीस वर्षं प्रोसेसमध्ये रंगारी.
क्लासची फी, व्हिसाचे पैसे, हे रबरी बूटसुद्धा
त्या नखांतून आलेले.
निबंधात हे घातलं नाही.
निबंधात ‘औद्योगिक सांडपाणी’ घातलं,
खाली संदर्भ जोडले, अडुसष्ट मार्क पडले.

करिअर मेळाव्यात पेनं वाटत होते.
पाणी कंपनीचं निळं, कचरा कंपनीचं हिरवं,
सल्लागारांचं लाकडी, जड, झरझर लिहिणारं.
पगारही त्याच क्रमानं.

पुढं गेलेल्यांची चौकशी केली.
ओवेन वटवाघळं मोजतो.
पडक्या गोठ्यासमोर खुर्ची टाकून रात्र काढतो,
आणि आकडा शून्य आला
की बिल्डर त्याला मिठी मारतो.
तस्लीम कौन्सिलमध्ये,
लोकांच्या डब्यांत चुकीचं काय पडलं ते बघते,
दोन भाषांत शिव्या खाते.
अबिओला गोदामांच्या कंपनीत मॅनेजर झाली,
फक्त तिच्याकडे गाडी आहे.
फोन उचलत नाही.

मला मिळाली नद्यांच्या सरकारी कचेरीत
वर्षभराची कंत्राटी जागा.
पहिलंच काम: हडर्सफील्डबाहेरचं एक डाय हाऊस.
दार उघडलं आणि तो वास,
गरम, आंबूस, घरचा.
पायांना वाटलं डबा द्यायला आलोय.
मॅनेजर सभ्य, चहा दिला, फाईल दिली,
नमुने सगळे स्वच्छ. सगळेच. दोन वर्षांचे.

रात्री अण्णांना सांगितलं.
तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, पीएच किती दाखवतात?
सात? रोज सात?
पोरी, रोज सात देवळातल्या तीर्थाचाही येत नाही.
दिवसा सगळेच चांगलं सोडतात.
दोननंतर बघ. शिफ्ट बदलते,
वॉचमन झोपतो, आणि
एक जण मागचा व्हॉल्व्ह फिरवून येतो.
कोण, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
पाऊस आहे का तिकडं, म्हणाले, जेवलीस का.

सकाळी आऊटलेटला नमुने घेणारं यंत्र बसवलं,
वेळ लावली दोन दहा.
फॉर्मवर कारण विचारलं होतं.
लिहिलं: जाणकाराचा सल्ला.
पुढच्या रकान्यात, जाणकाराचा हुद्दा.
सल्लागारांचंच पेन होतं हातात,
तरी जरा वेळ लागला.
मग लिहिलं, रंगारी,
आणि साहेबांना कळावं म्हणून स्पेलिंग
दोनदा गिरवलं.