चहातले कागद

चहा जरा जास्तच उकळावा लागतो,
प्यायला नाही, कागदाला.
टोपात बुडवून काढते एकेक पान,
गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगते.
समोरच्या बाळेकुंद्र्यांची सून माग थांबवून विचारते,
'काय हो, आज पापड तपकिरी कसे?'

संध्याकाळपर्यंत कालचा कागद
साठ वर्षांचा होतो.
मग पट्टी धरून कडा फाडायच्या. कात्रीने नाही,
कात्री फार खरं बोलते.
कडेला स्पंजाने विटकरी शाई,
कोपऱ्यात शहापुरातल्या मागावर उरलेली जर,
एखादी पितळी किल्ली, कुठल्याच कुलुपाची नसलेली,
खडे बाजारात किलोवर मिळते.
खळ घरचीच. चिमूटभर मोरचूद घालायचा,
म्हणजे कसर लागत नाही.

शिक्के दस्तगीरभाईंचे.
भेंडी बाजारात जिन्याखाली बसतात.
पूर्वी सोसायट्यांचे, शाळांचे, तलाठ्यांचे करायचे,
आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, मग दोन्ही.
'बोर्ड बदलला की माझी दिवाळी,' म्हणायचे.
आता माझ्यासाठी गुलाब कोरतात, पिसं, घड्याळाची तबकडी,
आणि खोटे टपालशिक्के.
'गावाचं नाव पुसट ठेवा, वाचता येता कामा नये.'
'अहो बाई, अक्षर नीट उठत नाही म्हणून
तीस वर्षं लोक भांडले माझ्याशी!'

मागच्या महिन्यात रेणुका पट्टणशेट्टी आली,
बुटांचा खोका घेऊन.
वडील लोंढ्याला टपाल छाननीत होते, रात्रपाळीला.
'अल्बम करा की. जुना दिसायला पाहिजे बघा.'
तिची मराठी आमच्यासारखीच,
वाक्याला शेवटी 'की' लावून दार ओढून घेणारी.

खोक्यात बिस्किटाचा डबा, डब्यात मेणकापड,
मेणकापडात कागदांची चवड.
पाळी सुरू होताना शिक्का नीट उमटतो का
हे बघायला मारलेले ठसे, रोजचे.
तारीख, वेळ. तारीख, वेळ.
बाजूला पेन्सिलीने कानडी आकडे,
खाली मराठीत एखादाच शब्द:
धुकं. उशिरा. बोगद्यात थांबली.
खिचडी बरी होती.

आणि कागद पांढरे.
इतके, की माझ्या दोरीवरचे
त्यांचे आजोबा शोभावेत.
ऊन नाही, हवा नाही, कुणाचा हात नाही.
रेणुका म्हणाली, 'हे खोटे वाटतात हो. चहात घाला की.'

टोप गॅसवर होता.
एक पान मी धरलंही वाफेवर.

त्या पानावर एकच तारीख अकरा वेळा.
नोव्हेंबरातली, साल अठ्ठ्याहत्तर.
एकावर एक नाही. ओळीने, अंतर राखून.
पेन्सिल नाही, शब्द नाही.
वाढदिवस? नाही. लग्न? नाही.
कुणी गेलं होतं?
रेणुकाने आईला फोन लावला, बराच वेळ कानडीत बोलली.
पलीकडून म्हातारी महिने मोजत असल्याचं ऐकू येत होतं मलाही.
मग म्हणाली, गोत्तिल्ल.
ठाऊक नाही.

गॅस बंद केला.

दस्तगीरभाईंना दाखवलं तर त्यांनी भिंग लावलं.
तारखेकडे बघितलंच नाही.
'दाब बघा,' म्हणाले,
'पहिल्यापासून अकराव्यापर्यंत एकसारखा.
शाई मात्र दोनदाच घेतलीय.'

अल्बम परवा दिला.
जर, किल्ल्या, गुलाब, सगळं आहे त्यात, मागितलं तसं.
मधोमध ते पान, पांढरंच,
खळ न लावता चार खाचांत अडकवलेलं,
काढून उलटं करून बघता यावं म्हणून.
(मी बघितलं. मागे काही नाही.)

पैसे मोजताना रेणुका म्हणाली,
'हे एवढं नवं दिसतंय हो.'
म्हटलं, असू दे की.