अकरा प्रती

मसाई पठारावर मी चाळीस ओळी लिहिल्या होत्या.
शमा शिकलगारनं त्या वाचल्या, चहा संपवला,
म्हणाली, "तिथं वाऱ्याशिवाय कोण एवढं बोलतंय?"
मग आज्याच्या निसण्यावर पातं घासून
एकेक ओळ उचलून काढली
तरव्यातून लव्हाळा उपटावा तशी, मुळासकट.
उरलं ते: गवत. ढग. गवत.
बाकी सगळं पठार कागदाचं.
पान उघडलं की पाती उभी राहतात,
मिटलं की एकमेकींत निजतात.

कागद उसाच्या चिपाडाचा.
वडणग्याच्या गुऱ्हाळावरून पोत्यानं आणलेला,
तिच्या परड्यात शिजवलेला, कुटलेला, चाळणीवर धरलेला.
दमट हवेत त्याला अजून काकवीचा वास येतो.
पहिल्याच पानाला मुंग्या लागल्या,
वरच्या कोपऱ्यात भोक पडलं.
तिनं ते तसंच ठेवलं.
मी तिथं 'चंद्र' लिहिणार होतो.
नाही लिहिलं.

पंचगंगेचं पान वेगळं.
शाहूपुरीत एका भुसार दुकानात
पुराचं पाणी चार दिवस बसून होतं,
फुगलेल्या वह्या मालकाला टाकवेनात, ठेववेनात.
त्यांचा हा लगदा.
करड्या-निळ्या पानात कुठं कुठं
एखादा आकडा अजून तरंगतो,
'गूळ', 'बाकी', कुणाचं तरी अर्धं आडनाव.
त्यावर मी शब्द ठेवला नाही,
शमानंही पातं लावलं नाही.
आम्ही दोघांनी मिळून केलेलं
एवढं एकच पान.

शिवण सातपुते मामांची.
चपलेच्या आरीनं भोकं, मेण लावलेला दोरा,
"वही पायांत घालणार काय?" म्हणून हसले,
पण टाका असा घातला
की अकराही प्रती सपाट उघडतात,
रंकाळ्याच्या पानावर तर मधली घडीच दिसत नाही.

शेवटची प्रत शिवताना
त्यांचा चष्मा घरी राहिला होता.
पठाराच्या कापलेल्या कडेवरून
त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश,
तळव्याची जाडी बघावी तसा.
एका जागी थांबले.
"हितं चढ हाय," म्हणाले,
"आन् हितं गुडघं बोलाय लागत्यात."

नेमकी तिथंच होती
माझी तेविसावी ओळ, धाप लागण्याची.

मी शमाकडं बघितलं.
ती डिंकाची वाटी धूत होती.