ताबा-पावती

समुद्र इथून एक रात्र आणि अर्धा दिवस रेल्वेनं.
तरी मला कप्तान म्हणतात.
धानाच्या बांध्यांमधून सायकल काढत निघालो की
पोट्टे ओरडतात, "कप्तान, जहाज बुडलं का गा?"
मी म्हणतो, "उद्या."

जहाज म्हणजे दोन मजल्यांची लाँच.
गोव्याकडून सोळा चाकांच्या ट्रकवर आली
आणि शाळेच्या वळणावर अडकली.
दोन दिवस तिथंच. मास्तरांनी
पोरांना वरच्या डेकवर बसवून पाढे घेतले.
तिसऱ्या दिवशी मोहाची एक फांदी तोडली,
मग सरकली धरणाच्या पाण्याकडे.
त्या फांदीबद्दल माझी आई अजून बोलते.

महामंडळाकडे होती तेव्हा नाव होतं 'जलसारिका'.
मग तुमसरच्या राइसमिलवाल्या गभने शेठनं घेतली,
बायकोचं नाव दिलं. बायको एकदाच आली,
काठ सुटायच्या आतच उलटी झाली तिला.
उन्हात रंगाचे पोपडे सुटतात तेव्हा
दोन्ही नावांच्या खाली तिसरंच काही दिसतं,
कुठल्या भाषेतलं कोण जाणे.
नखानं खरवडून दोन अक्षरं मोकळी केली होती.
पुढे नाही गेलो.

आज नवा मालक आला, नागपूरचा, पांढऱ्या बुटांत,
सोबत यादी घेतलेला पोरगा.
लाइफ जॅकेट बेचाळीस.
(अकरांना बकल नाही, मी सांगितलं.)
नांगर एक. खुर्च्या प्लास्टिकच्या,
मोडक्या धरून छप्पन्न.
भोंगा एक, चालू.
पलीकडच्या काठावर बिड्या वळणाऱ्या बाया
चारच्या भोंग्याला सूप बाजूला सारतात
आणि चहा ठेवतात, हे मी सांगितलं नाही.
इंजिन मूळचं नाही, ट्रकचं,
भंगारातून आणून दुधराम फिटरनं बसवलेलं.
सुकाणूला पाव फेऱ्याची ढील.
डावीकडे जायचं तर
डावीकडे जायचं मनात येण्याच्या जरा आधीच
फिरवावं लागतं.
पोरगा म्हणाला, "याला रकाना नाही."

मालक म्हणाला, इंजिन काढणार.
काठावर चबुतरा बांधून हिला बसवणार,
वर हॉटेल, खाली वाढदिवसांचा हॉल, लायटिंग.
"तुम्ही राहा ना, कप्तान.
पांढरा ड्रेस देऊ, टोपी देऊ,
सुकाणूपाशी नुसतं उभं राहायचं,
लोक फोटो काढतील."
"पगार?" मी विचारलं,
आणि विचारल्याची लाज वाटली.
"आहे त्यापेक्षा दोन हजार जास्त."

दुपारी डबा घेऊन आलेल्या सायत्राला सांगितलं.
ती भाकर मोडता मोडता म्हणाली,
"उभं रायाचे दोन हजार जास्त?
मंग बसाचे किती, थे इचारा ना."
हसलो. ठसका लागला.
तिनं पाणी दिलं, आणि मग बराच वेळ
चबुतऱ्यासाठी आखलेल्या चुन्याच्या रेघेकडे
पाहत बसली.

मालकाला एक फेरी हवी होती, व्हिडिओसाठी.
मे महिना. पाणी खाली गेलं की
जुन्या गावाची टाकी वर येते,
तिला उजव्या हाताला ठेवायचं.
माझ्या लग्नात रंगवली होती ती, निळी.
निळं आता काही उरलं नाही,
पण वळताना माझा हात अजून निळ्यालाच वळतो.

संध्याकाळी वही काढली.
सतरा वर्षं रोज लिहितो,
कुणी मागितली नाही, यादीतही नव्हती.

वारा: मावळतीचा, हलका.
पाणी: उतरतं. टाकीचा कठडा दिसला.
भोंगा: चारला, दोनदा.
प्रवासी: एक.
टाकीजवळ इंजिन खोकलं, तेव्हा म्हणाला,
पोहता येत नाही.
बकलवालं जॅकेट शोधून दिलं.
पट्टा मीच आवळला.