जोडपत्र तीन

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
रत्नागिरीहून मी दापोलीला येतो,
पंचायत समितीच्या मागच्या खोलीत टेबल मांडतो:
शिक्का, शाईचं पॅड, अंगठ्याचं यंत्र,
आणि सैनिक कल्याणचा बॅनर, ज्याचा एक कोपरा
कायम सुटतो.

नेव्हीतले पावसे, इंजिनरूमनं कान नेलेले,
कानयंत्राच्या बिलावरून माझ्याशी ओरडून भांडतात.
रजेवरचा एक पोरगा बायकोचं नाव
कार्डावर चढवायला आलाय,
बायको बाहेर रिक्षात शेंगा खातेय.
परकारचाचा येतात नुसते बसायला.
एकाहत्तरचं त्यांचं काही येणं बाकी नाही,
फक्त सांगणं बाकी आहे.

शेवटी उरल्या गमरेबाई.
आड्याहून दोन गाड्या बदलून,
पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
नाईक सोनू गमरे श्रावणात गेले.
पेन्शन त्याच महिन्यात थांबली,
थांबवण्यात आमचं काम चोख असतं.
परत सुरू व्हायला बाईंनी
आपण आपणच असल्याचं दाखवायचं.

अंगठा ठेवला. लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
दहाही बोटं झाली.
तीस वर्षं फॅक्टरीत काजूच्या बिया फोडल्या,
टरफलातल्या तेलानं बोटांवरचं सगळं लिखाण खाल्लं.
"यंत्राला मी दिसत नाय काय?"
रागानं नव्हे, चौकशी केल्यासारखं.

नावाचं तर आणखी अवघड.
आधारवर यशोधरा. फौजेच्या कागदावर भिकी.
लग्नात सासऱ्यानं नवं नाव दिलं,
पण भरतीच्या रांगेत कारकुनानं विचारलं, बायकोचं नाव?
एकोणीस वर्षांच्या पोरानं
तोंडात बसलेलं होतं ते सांगितलं.
आता सागरचं रेकॉर्ड ऑफिस विचारतंय:
ही दुसरी कोण?

"सागर म्हंजे कुठल्या दर्यावर?"
मध्य प्रदेशात, म्हटलं. तिथं दर्या नाही.
बाई हसल्या.
"मग त्यांच्या बी नावाचं कागद मागवा."

डब्यातून निघालं आंतरदेशीय, घड्यांवर विरलेलं.
पाठवणाऱ्याचा गाव नाही, नुसता फौजी टपालाचा आकडा.
बाहेर पत्ता: यशोधरा सोनू गमरे, बुद्धवाडी, मु. आडे.
आत पहिलाच शब्द: भिके,
एकच हात, एकच शाई.
मी खुर्चीतून उठलोच.

झेरॉक्सच्या दुकानात, काचेवर पत्र पालथं घालताना
बाईंनी हात मध्ये घातला.
"खालच्या दोन वळी नको."

तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणाल्या.
गुरुजी ओट्यावर वाचून दाखवायचे, सासूसमोर.
त्या ओळींपाशी आले, खाकरले,
"बाकी सर्व क्षेम" म्हणून चहा प्याले.
पुढं साक्षरतेच्या वर्गात अक्षरं लागली.
एका रात्री डबा उघडला नि शेवटापर्यंत गेले.
वीस वर्षांनी.

मग त्यांना सांगितलंत?
"नाय. त्यांना वाटायचं, मला पयल्यापासून ठाव हाय."
थोड्या वेळानं: "ऱ्हाऊ दिलं तसंच."

झाकण पुरतं मिटलं नाही.
हिरवा उजेड हाताखालून सरकत गेला.
प्रत आली: वर भिके,
मध्ये भाताचं, गाईचं, आईच्या खोकल्याचं,
आणि खाली काळा पंजा,
बोटं गुळगुळीत,
तळव्याच्या रेघा मात्र एकूण एक.

दुकानदार म्हणाला, खराब आली, दुसरी काढतो.
नको म्हटलं.

सागरला पत्र मीच टंकलं.
जोडपत्र एक, मृत्यूचा दाखला.
दोन, सरपंचांचा.
तीन, पत्र, दोन्ही बाजू.
शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी असते, बारीक लिहिलं:

खालच्या दोन ओळी अर्जदाराच्या हाताखाली आहेत.
हात अर्जदाराचाच आहे, हे मी समक्ष पाहिले.
ओळी मागवू नयेत.