पाठपोट

लॉ कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सिंगल दीड रुपया, पाठपोट दोन.
एकवीस वर्षं झाली,
हिरवा उजेड पानाखालून सरकतो
आणि मी काही वाचत नाही.
वाचणारा झेरॉक्सवाला धंद्याला जड.

परवा, पेपरच्या आदल्या रात्री, तौफिक शिकलगार आला.
त्याला कागलची शेवटची एसटी गाठायची होती.
हातात पुस्तक, कॉपीराइटचा कायदा.
म्हणाला, "सगळंच मारा, मामा."
मी झाकण उचललं, आणि काचेवर पालथं घालायच्या आधी
पहिल्यांदाच पान सुलटं वाचलं.

"हे चालतंय व्हय रं?"
तो हसला. "कलम बावन्न. अभ्यासापुरतं चालतंय."
"आणि सगळं?"
त्यानं पुस्तकाच्या जाडीकडं बघितलं,
मग माझ्याकडं, मग स्टँडच्या दिशेला.
"तेवढं उद्या लिहायला येऊ नये म्हणजे झालं."

मशीन तापेपर्यंत त्यानं मला शिकवलं,
म्हणजे स्वतःच घोकलं.
कल्पनेला मालक नसतो.
गंगावेशीतल्या तालमीत वस्ताद जो डाव दाखवतात
तो ज्याच्या अंगात मुरेल त्याचा;
पण त्या डावावर कुणी चार ओळी लिहिल्या
तर त्या ओळी लिहिणाऱ्याच्या,
भले त्यानं जन्मात लंगोट कसला नसेल.
म्हटलं, हे वस्तादांना सांगू नकोस.

नोंदणी लागत नाही. शिक्का लागत नाही.
लिहिलं, काढलं, रंगवलं, की त्याच घटकेला हक्क उभा राहतो,
रंग ओला असतानाच.
माणूस गेला तरी साठ वर्षं चालतो,
आणि ती मोजायची पुढच्या एक जानेवारीपासून.
गेलेल्याचं वर्ष तेवढं पुरं होऊ देतात.

इथं मी मशीन थांबवलं.

माझा बाप, केरबा सुतार, थेटरांचे बॅनर रंगवायचा.
बारा फुटी चेहरे.
एक डोळा संपला की दुसऱ्यासाठी
शिडी सरकवावी लागायची.
दर गुरुवारी जुन्या चेहऱ्यावर पांढऱ्याचा हात,
शुक्रवारी नवा चेहरा.
अठ्ठ्याण्णवच्या पाडव्याला गेला.
बोटांवर हिशोब केला : दोन हजार अठ्ठावन्न, डिसेंबरअखेर.

"पगारी होते का अंगावर काम घ्यायचे?" तौफिकनं विचारलं.
"पगारी असले तर हक्क मालकाचा."
मला काय ठाऊक.
शनिवारी कागदात गुंडाळून पैसे आणायचा,
नसले की बाल्कनीचे दोन पास.
पासावर राबणाऱ्याचं कलम
त्याच्या पुस्तकात सापडेना.
शिवाय चेहरा छापील फोटोवरून उतरवलेला.
मग फोटोवाल्याचं काय?
आणि त्या हनुवटीचं काय,
जी नटी कुणीही असो
बापानं दरवेळी आमच्या आईची काढली?

पान एकशे बारावर त्यानं बोट ठेवलं.
हक्क विकला, दिला, गेला,
तरी हे काम माझं आहे एवढं म्हणायचं
करणाऱ्याकडंच राहतं.
ते पान मी दोनदा काढलं. एक मला.
त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे, कळेना.

साडेदहाला शटर ओढायच्या आधी
मशीनवर रोजचं कापड टाकलं.
बॅनरचाच तुकडा, बापाच्या माघारी उरलेला एकुलता :
अर्धा कान, एक झुमका, आणि खाली कोपऱ्यात
बारक्या ब्रशनं, के. सुतार.
एकवीस वर्षं ती बाजू आत जायची,
धूळ बसू नये म्हणून.
त्या रात्री पालटून टाकलं.

तौफिक काही अजून फिरकला नाही.
पेपर कसा गेला कुणास ठाऊक.
त्याचे सुट्टे सतरा रुपये
माझ्याकडं राहिलेत.