ओळ टाकणारा

कागदावर सात नावं होती, बुडालेल्यांची,
खाली कार्यक्रम: एक मेणबत्ती,
फादर एन्रिकोंची प्रार्थना, इमामसाहेबांची प्रार्थना,
मग गेलिक स्तोत्र. त्यापुढे बाबांचं नाव,
मीच लिहिलेलं.

बाबांनी चष्मा पुसला. दोनदा वाचलं.
"यात त्याचं नाव कुठाय?"
कुणाचं, हे मी विचारलं नाही.
समितीत तासभर त्याच नावावर अडलो होतो.
'परमेश्वर' सगळ्यांना चालत होता,
'ख्रिस्त' म्हटलं की खुर्च्या सरकायच्या.
मीच म्हटलं होतं, राहू दे, मोकळं ठेवू.

"घर मोठं करायला निघालात
आणि दारच उचकटून ठेवलंत, ईशबेल."
मी चिडले. म्हटलं, समुद्रानं विचारलं का कुणाला,
तुझा बाप्तिस्मा झालाय का म्हणून?
त्यांनी शेगडीत पीटचं ढेकूळ सारलं.
"नाही विचारलं.
समुद्र माझा देव नाही."

आमच्या देवळात पेटी नाही, ऑर्गन नाही.
एक माणूस ओळ टाकतो, मंडळी ती उचलते
आपापल्या चालीनं; कुणी आधी पोचतं,
कुणी वळणं घेत, लाट लाटेवर चढावी तसं.
एकेचाळीस वर्षं ती ओळ बाबांची.
रविवारी सभागृहात आम्ही कॅसेट लावली.
सुरेल होती.
सगळ्यांचा श्वास एकाच जागी तुटत होता.

सोमवारी पहाटे ते मला धक्क्यावर दिसले,
टोपी खिशात, वारा पाठीवर.
ओळ टाकली. उचलायला कुणी नव्हतं.
पुन्हा टाकली.
पलीकडे दोरखंडांच्या ढिगापाशी
अलेप्पोहून आलेला नबीलचा भाऊ,
उघडे तळवे, तोंड आग्नेयेला.
दोघांच्या मध्ये वाळत घातलेली जाळी.
कुणी कुणाकडे वळलं नाही.
ओठ मात्र दोघांचे बराच वेळ हलत होते.

मग बाबांनी थर्मास उघडला,
झाकणात चहा ओतला, जाळीला वळसा घालून गेले.
काय बोलले, ते वाऱ्यानं माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

घरी आल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाले,
"माझं मत बदललेलं नाही."
एक बूट काढून तसेच बसून राहिले.
"साखर दोन चमचे लागते त्याला.
उद्या डबी दे बरोबर."