आठ तारा

पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.
अक्कलकोट रोडच्या शेअर रिक्षात
मी हे ओठांतल्या ओठांत घोकते.
शेजारच्या बाईला वाटतं, पोरगी स्तोत्र म्हणतेय.
सरकून जागा देते.

हत्तुरे सर पहिल्याच तासाला म्हणाले,
'सोलापूरची पोरं तुम्ही, तुम्हाला नेटवर्क काय शिकवायचं?
ताणा आणि बाणा, झालं.'
वर्ग हसला. मीही हसले.
पण सर, तसं नाहीये.
मागावर एक धागा तुटला
की नायना माग थांबवतो, वाकतो, गाठ मारतो,
तेव्हा कुठे चादरीतला मोर पुढचं पाऊल टाकतो.
तुमच्या जाळ्यात तार तुटली तर कुणी थांबत नाही.
पॅकेट दुसऱ्या रस्त्यानं निघून जातं.
आमच्या गल्लीतली किती घरं अशीच गेली,
भिवंडीला, सुरतेला.
दारावर अजून त्यांचीच नावं.

टीसीपी मला कुणी शिकवावा लागला नाही.
तीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात
नायनाचे कान गेलेत.
'नायना, फीची शेवटची तारीख शुक्रवार.'
'एमि?'
'शुक्रवार!'
'एमि?'
पोच येईपर्यंत पाठवत राहायचं.
अम्मा यूडीपी.
एकदाच बोलते, सुपातल्या पानांकडे बघत.
पोचलं तर पोचलं.

सबनेटिंगही सोपं गेलं.
दहा बाय बाराची खोली, मधे जुन्या साडीचा पडदा,
अलीकडे झोपायचं, पलीकडे बिड्या.
तुकडे कितीही करा, जागा वाढत नाही,
उलट प्रत्येक तुकड्यात दोन पत्ते वाया जातात.
वाया नाही, सर म्हणाले, राखीव.
एक त्या तुकड्याच्या नावाचा,
आणि एक, सगळ्यांना एकदम हाक मारायला.
ती हाक आमच्याकडे अम्माची, नळाला पाणी आलं की.

जानेवारीत पुण्याची कंपनी येणार आहे.
पहिले सहा महिने ट्रेनिंग, महिना नऊ हजार.
खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं वजा करून
उरतं ते मी वहीच्या मागे मांडून ठेवलंय,
बायनरीत.
बायनरीत रक्कम लांबलचक दिसते.

उद्या प्रॅक्टिकल. लाईट गेलेली.
मोबाईलच्या उजेडात तारा लावते, दाबते,
टेस्टर जोडते.
एक, दोन, तीन, चार, पाच,
सहावा दिवा मुका.
'छाट?' अम्मा विचारते, मान न उचलता.
छाट.
कारखान्यात रोज तिच्या हजारातल्या
चाळीस-पन्नास बाजूला काढतात,
मजुरी नाही, आणि बिडीही परत नाही.
'डोळ्यानं करू नको,' ती म्हणते. 'बोटाला विचार.'
आणि माझ्या हातातून वायर घेते.

तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं
पीळ सोडवतात, आठ तारा शेजारी शेजारी निजवतात,
कात्रीनं एका रेषेत शेंडे कापतात,
तेंदूचं पान कापावं तसं.
रंग मी सांगते. टॉर्च मी धरते.
शेवटचा कनेक्टर, आठ रुपयांचा.
कट्.

सात. आठ. आठही.

'आता यातनं काय जाणार?'
'काहीही. बोलणं. फोटो. पैसे.'
'पैसे?' ती पहिल्यांदा वर बघते.
'इकडून तिकडं, का तिकडून इकडं?'
'दोन्हीकडून, अम्मा.'
'हं,' म्हणते.
सूप मांडीवर ओढून घेते,
पान उचलते, वळते, दोरा गुंडाळते.

'सातशे तेरा.'

मोजणी तिनं कुठेच सोडली नव्हती.